गाडी लागली, घाट लागला : एका क्रियापदाची प्रस्तावना

कर्जत स्थानकात कुणी 'गाडी लागली' म्हटलं की ऐकणारा आधी बोलणाऱ्याचं तोंड बघतो. तो पिशवी सावरत जिन्याकडे पळत असेल, तर लोकल फलाटाला लागलेली असते. तो तोंडाला रुमाल धरून बाकावर टेकला असेल, तर घाटातली वळणं त्याला बाधलेली असतात. आणि पुण्याकडे निघालेल्या एक्स्प्रेसच्या खिडकीतून कुणी 'लागलं का?' असं विचारलं, तर तो प्रश्न मागच्या इंजिनाचा असतो. यातलं काहीही कर्जतकराला समजावून सांगावं लागत नाही. या शेवटच्या वाक्यात तेच क्रियापद आणखी एका, सक्तीच्या, अर्थाने येऊन गेलं, याकडेही सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

'असणे', 'होणे', 'करणे' यांच्या बरोबरीने राबणारं, पण त्यांच्याइतकं कधी चर्चेत न आलेलं असं हे क्रियापद आहे. भूक लागते, ठेच लागते, झोप लागते, निकाल लागतो, ग्रहण लागतं, झाडाला आंबे लागतात, पातेल्यातलं दूध खाली लागतं, वेळ लागतो, पैसे लागतात, आमटी खारट लागते आणि शेजारचा माणूस नात्याने मामा लागतो. प्रस्तुत पुस्तक या एका क्रियापदाचं, 'लावणे' या त्याच्या जोडीदाराचं आणि ही जोडी जिथे दिवसभर राबते त्या कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांचं आहे.

एका क्रियापदावर अख्खं पुस्तक म्हटल्यावर मराठी वाचकाच्या भुवया उंचावतील. इंग्रजीत ही गोष्ट नवी नाही. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यांत लांब नोंद 'सेट' या क्रियापदाची होती. पुढे 'रन'ची नोंद नव्याने मांडायला पीटर गिलिव्हर या संपादकाला नऊ महिने लागले आणि अर्थ भरले ६४५. कोशकारांचा अनुभव सगळीकडे सारखाच आहे. 'पारिजातक' किंवा 'परशू' यांची नोंद अर्ध्या तासात लिहून होते. माणसाला घाम फोडतात ती दोन-तीन अक्षरांची, रोजच्या तोंडातली क्रियापदं.

'लागणे'शी तुलना करायला मात्र 'सेट' किंवा 'रन'पेक्षा इंग्रजीतलं 'गेट' जास्त उपयोगाचं. इंग्लंडात उतरलेल्या नॉर्स भाषकांच्या 'गेता' या धातूपासून ते तिथे रुजलं. मूळ अर्थ पकडणे, हस्तगत करणे. 'फर्गेट' म्हणजे विसरणे, हे त्याच कुळातलं. त्यात पकड सुटल्याची कल्पना आहे. आज या 'गेट'ची कामं पाहिली तर गंमत दिसते. 'गेट हंग्री' म्हणजे भूक लागणे. 'गेट अ जॉब' म्हणजे नोकरी लागणे. 'गेट हर्ट' म्हणजे मार लागणे. 'गेट गोइंग' म्हणजे चालू लागणे. 'हॅव गॉट टू गो' म्हणजे जावं लागणे. पाचही ठिकाणी मराठीत एकच क्रियापद येतं. दोन दूरच्या भाषांनी भावना, प्राप्ती, इजा, आरंभ आणि सक्ती ही पाच कामं आपापल्या एकेका गड्याला सोपवावीत, हा निव्वळ योगायोग मानणं अवघड आहे.

पण वाक्याची बांधणी पाहिली की दोघांची वाट फुटते. इंग्रजी वाक्यात कर्ता माणूस असतो. भूकसुद्धा तोच मिळवतो. मराठीत कर्ता भूक. 'लागली' हे रूप भुकेच्या लिंगाने चालतं आणि माणूस 'ला' हा प्रत्यय घेऊन बाजूला उभा राहतो: 'मला भूक लागली', 'मुलाला नोकरी लागली', 'तिला ठेच लागली'. एकाचं मूळ पकडण्यात आहे, दुसऱ्याचं चिकटण्यात. यावरून इंग्रज कर्तृत्ववान आणि मराठी माणूस दैववादी असा निवाडा देण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरलेला बरा. मराठीजवळ 'लावणे'ही आहे आणि त्याचा कर्ता हातपाय हलवणारा माणूसच असतो. इतकंच की मराठी हे दोन हिशेब वेगवेगळ्या वह्यांत ठेवते. माणसाने केलं ते 'लावणे'त, त्याचं पुढे जे झालं ते 'लागणे'त. फोन लावला, लागला नाही. या पुस्तकाचं मुख्य म्हणणं हेच आहे आणि ते पटवण्यासाठी कोशांपेक्षा शेत, घाट, स्टेशन आणि तलाठी कार्यालय अधिक कामाला आलं आहे.

आधी कुळी पाहू. संस्कृतात 'लग्' हा धातू आहे. धातुपाठ त्याचा अर्थ 'संग' असा देतो. त्याचं धातुसाधित 'लग्न', म्हणजे चिकटलेलं. प्राकृतात 'ग्न'चा 'ग्ग' होऊन 'लग्ग' आलं. मराठीत आल्यावर द्वित्त सुटलं आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला: 'लाग'. याच वाटेने 'अग्नि' हा 'अग्गि' होत 'आग' झाला, 'व्याघ्र' हा 'वग्घ' होत 'वाघ' झाला आणि 'हस्त' हा 'हत्थ' होत 'हात'. पंजाबीने द्वित्त जपलं, तिथे 'लग्गणा' आहे. हिंदीने द्वित्त सोडलं पण स्वर लांबवला नाही, म्हणून 'लगना'. गुजराती 'लागवुं', बंगाली 'लागा', नेपाळी 'लाग्नु' आणि कोकणी 'लागप' हे मराठीच्याच पंगतीला बसतात.

तत्सम 'लग्न' मात्र बदलला नाही, तो वेगळ्या दाराने आत आला. ज्योतिषात पूर्व क्षितिजाला त्या क्षणी जी रास टेकलेली असते ती लग्नरास; त्या शुभ घटकेला लागणारा विवाह म्हणजे लग्न. म्हणून 'लग्न लागलं' या दोन शब्दांत एकच धातू दोनदा, एकदा संस्कृत वेषात आणि एकदा मराठी. लगत, लगोलग, लागवड, लागण, लागट, लागीर ही सगळी याच घरची मंडळी; हिंदीतला 'लगान'ही. 'लगाम' तेवढा पाहुणा. तो फारसीतून आला आहे आणि घोड्याच्या तोंडाला 'लागतो' म्हणून लगाम, ही हौशी व्युत्पत्ती ऐकायला कितीही गोड लागली तरी खोटी आहे. असे सापळे या क्षेत्रात पावलोपावली आहेत.

'लावणे'ची गोष्ट इतकी सरळ नाही. व्याकरणात ते 'लागणे'चं प्रयोजक रूप म्हणून मांडलं जातं आणि अर्थाने ते पटतंही. पण ध्वनिनियमाने पाहिलं तर 'ग' जाऊन 'व' कसा आला याचं सोपं उत्तर मिळत नाही. हे दोघे सख्खे भाऊ नसून एका घरात वाढलेले दोन वेगळ्या आयांचे मुलगे असावेत, ही शक्यता मोकळी ठेवावी लागते. 'लावणी' या गीतप्रकाराच्या नावाचं तर भांडणच आहे. कुणी ते भातलावणीच्या गाण्यांशी जोडतं, कुणी लावण्याशी. या पुस्तकाने त्यात पक्ष घेतलेला नाही, हे शहाणपणाचं.

त्याहून रोचक वाद एका प्रत्ययाचा आहे. तेराव्या शतकातल्या मराठीत, ज्ञानेश्वरीत आणि महानुभाव गद्यात, 'लागीं' हे शब्दयोगी अव्यय सर्रास येतं: 'साठी', 'कडे', 'ला' अशा अर्थांनी. आजचा चतुर्थीचा 'ला' हा याच 'लागीं'चा झिजलेला अवशेष असावा, असं एक मत आहे. सगळ्या अभ्यासकांना ते मान्य नाही. पण ते खरं धरलं, तर 'मला भूक लागली' या वाक्यात माणसाला भूक दोन ठिकाणी चिकटलेली आहे, एकदा क्रियापदात आणि एकदा प्रत्ययात.

या सगळ्याचा अभ्यास मराठीत कसा वाढला, ते नव्या वाचकाला थोडक्यात सांगायला हवं. सुरुवात कोशांची. विल्यम केरी यांचा मराठी-इंग्रजी कोश १८१०चा, श्रीरामपूरचा. मोल्सवर्थ आणि कँडी बंधूंचा कोश १८३१चा, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ची. मोल्सवर्थचं मोठेपण असं की पंडितांच्या मदतीने काम करूनही त्याने बोलीतले, शेतातले, बाजारातले वाक्प्रचार कोशात घेतले. आजही एखाद्या क्रियापदाचा जुना अर्थ शोधायचा तर पहिला हात त्याच्याकडेच जातो. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'ने (१९३२ ते १९३८) ही परंपरा मराठीतून मराठीत आणली. कोशकारांची एक मर्यादा मात्र राहिलीच. ते अर्थांना क्रमांक देतात. क्रमांक दिला की वाचकाला वाटतं, अर्थ तितके सुटे आहेत.

दुसरा प्रवाह व्युत्पत्तीचा. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ साली विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानं देऊन संस्कृत ते आजच्या भाषा हा रस्ता आखून दिला. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने मराठीच्या घडणीवर लिहिलेला प्रबंध १९२०मध्ये छापला गेला, वा. गो. परांजपे यांनी तो मराठीत आणला. कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' १९४६चा. टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश १९६६ला पुरा झाला आणि शं. गो. तुळपुळे व अॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९मध्ये आला. या मालिकेत एक नाव रायगडच्या वाचकाला जवळचं वाटावं: वरसईत जन्मलेले इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. त्यांचा मराठी धातुकोश त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. राजवाड्यांच्या अनेक व्युत्पत्त्या आज टिकत नाहीत. तरी भाषेची नाडी नामांत नसून धातूंत आहे ही त्यांची खूण अचूक होती.

तिसरे वैयाकरण. दादोबा पांडुरंग यांचं व्याकरण १८३६चं, मोरो केशव दामले यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११चं. 'रडू लागला' हा आरंभ आणि 'रडावं लागलं' ही सक्ती, ही दोन संयुक्त रूपं त्यांनी वेगळी ओळखली. प्रश्न होता, 'मला जावं लागतं' यात कर्ता कोण? लॅटिन आणि संस्कृत साच्यांत हे वाक्य नीट बसत नाही. चौथा प्रवाह, आधुनिक भाषाविज्ञान, याच प्रश्नापाशी थांबला. एमिनो यांनी १९५६ साली भारत हा एक भाषिक प्रदेश आहे असं मांडलं. आर्य आणि द्राविड भाषा शेजारी नांदून एकमेकींसारख्या झाल्या, असा त्याचा आशय. भूक, थंडी, राग, आठवण यांचा अनुभव घेणाऱ्याला चतुर्थीत बसवणं हे पुढे याच प्रदेशाचं ठळक लक्षण मानलं गेलं. त्यावर स्वतंत्र ग्रंथ झाले आणि मराठीची उदाहरणं राजेश्वरी पंढरीपांडे, काशी वली, रमेश धोंगडे यांच्या लेखनातून जगभर पोचली. एक बारकावा सांगण्यासारखा आहे. 'मी गेलं पाहिजे' आणि 'मला जावं लागतं' ही दोन्ही सक्तीची वाक्यं. पण पहिल्यात कर्तव्याची जाणीव आहे, दुसऱ्यात बाहेरून आलेला रेटा. पहाटेच्या लोकलसाठी घर सोडणारी बाई 'जावं लागतं' म्हणते. 'गेलं पाहिजे' ती आजारी मावशीला भेटायचं असेल तर म्हणेल.

पाचवा प्रवाह बोलींचा, आणि तोच सगळ्यांत बारीक वाहतो. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५चा. त्यात कोकणातल्या आगरी, कुणबी, ठाकरी, कातकरी अशा बोलींचे नमुने आहेत. नंतर अ. मा. घाटगे यांनी बोलींचं सर्वेक्षण हाती घेतलं. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचं नव्याने सर्वेक्षण केलं. बोलींचा अभ्यास बहुतेक वेळा शब्दांचा आणि उच्चारांचा होतो: इथे 'ण'चा 'न', तिथे 'पाणी'चं 'पानी'. क्रियापदाचा संसार त्यात क्वचितच येतो.

म्हणून कर्जत-खालापूर. या पट्ट्यात तीन-चार वेगळ्या प्रकारची कामं एकमेकांना खेटून आहेत आणि प्रत्येक कामाचा स्वतःचा 'लागणे' आहे.

भातापासून सुरुवात करू. जुलैच्या पावसात चिखलणी झालेल्या खाचरात बायका ओणव्या उभ्या असतात. डाव्या हातात रोपांची मूठ. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं तिच्यातून तीन-चार काड्या सोडवतात, चिखलात उभ्या दाबतात आणि पाऊल मागे जातं. लावणारी कायम मागे सरकते. लावलेलं समोर राहतं. ही लावणी, काही गावांत आवणी. विदर्भातला शेतकरी याच कामाला रोवणी म्हणतो. काम झाल्यावर शेत काही दिवस पिवळं पडून मान टाकतं. मग एका सकाळी हिरवा रंग धरतो आणि बांधावरून कुणीतरी म्हणतं, 'लागलं.' आंब्याचं कलम 'लागतं' तसंच हे. बायकांनी लावलं ते पूर्वीच. लागायचं की नाही, ते मुळं आणि पाऊस यांनी ठरवलं. दोन क्रियापदांमधलं हे काही दिवसांचं अंतर कुठल्याही व्याकरणात दाखवता येत नाही.

दुसरं क्षेत्र घाटाचं. गव्हर्नर माल्कम यांच्या काळात, १८३०मध्ये, बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. रेल्वे १८५६ला खोपोलीपर्यंत आली आणि तिथेच थांबली. वर खंडाळ्यापर्यंत माणसं पालखीने, घोड्याने किंवा पायी जात. १८६३ला लोहमार्ग घाट चढला. चढ ३७ फुटांना एक फूट, इतका तीव्र की कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लावून तिला वर रेटावं लागतं. रेल्वेची माणसं त्यांना 'बँकर' म्हणतात. पैशांच्या बँकेशी त्याचा संबंध नाही. इंग्रजीत 'बँक' म्हणजे चढण किंवा बांधही, तो शब्दही 'गेट'सारखा नॉर्स भाषकांच्या बोटीतून आलेला. चढणीवर गाडीला मागून रेटण्यासाठी रेल्वेने त्याचंच क्रियापद केलं. कर्जतच्या फलाटावर मात्र 'बँकर लागला' असं म्हणतात आणि तो लागेपर्यंत वडापाव घेऊन होतो. पुढे पळसदरी लागते, ठाकूरवाडी लागते, बोगदे लागतात. गाडी चालते, पण मराठी वाक्यात गावं येऊन तिला भिडतात.

विजेची गोष्ट थोडक्यात. महडच्या वरदविनायकासमोरचा नंदादीप १८९२पासून तेवतो आहे, असं सांगतात. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ला सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ला. ती वीज गेली मुंबईच्या गिरण्यांना; ज्यांच्या डोंगरातून पाणी पडलं त्या वाड्यांमध्ये दिवे लागायला पुढे कित्येक वर्षं जावी लागली. तेल-वातीचा दिवा माणूस लावतो. विजेचा दिवा गावात 'लागतो', आणि त्यासाठी अर्ज कुणाला, किती वेळा करावे लागले, याचा उच्चार त्या क्रियापदात कुठेच नसतो.

नोकरीचंही तसंच. खोपोली आणि रसायनी पट्ट्यात कारखाने आले तेव्हापासून 'पोरगा कंपनीत लागला' हे वाक्य लग्नाच्या बोलणीत सोन्याच्या भावाचं ठरलं. आता त्यापेक्षा वजनदार वाक्य सातबाऱ्याचं आहे. 'नाव लागलं का?' या तीन शब्दांत वारसाची नोंद, खरेदीखत, वनहक्काचा दावा, सगळं येतं. माथेरानच्या पायथ्यापासून पाताळगंगेपर्यंत शेतघरांचे फलक उभे राहिल्यापासून हा प्रश्न रोजचा झाला आहे. नाव लावतं कोण, आणि लागत नाही ते कुणाचं, हे पाहिलं तर तालुक्याचा अर्धा सामाजिक इतिहास हाती येतो. 'लागणे'चा हा गुण आणि हीच त्याची खोट: ते करणाऱ्याला पडद्याआड ठेवतं. 'नाव लागलं नाही' म्हटलं की दोष कुणाचाच राहत नाही. सरकारी मराठीला हे क्रियापद का आवडतं, ते यावरून कळावं.

हे पुस्तक आताच का, याचं उत्तर याच कामांच्या बदलात आहे. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र विकसित केलं. त्यात चिखलणी नाही, लावणी नाही; कायमच्या गादीवाफ्यांवर साच्याने भोकं पाडून बी टोकायचं. श्रम वाचतात, जमीन टिकते. पण ज्या शेतात भात 'लावत' नाहीत तिथे 'लागलं'चा तो बांधावरचा उच्चारही उरत नाही. घाटातही तेच. फेब्रुवारी २०२३मध्ये सुरू झालेल्या मुंबई-सोलापूर वंदे भारतला मागे इंजिन लावावं लागत नाही. द्रुतगती मार्गावर गावं लागायचीच थांबली. लागतो तो खालापूरचा टोल. म्हणून कुणी गळा काढायचं कारण नाही. ओणवं राहून कंबर धरलेल्या बाईला क्रियापदाचं काय कौतुक? शिवाय 'लागणे' काही मरत नाही. बोगद्यात फोन लागत नाही, डोंगराआड रेंज लागत नाही, मुलाला क्लास लावावा लागतो. जुनी शेतं सुटली तरी त्याला नवी मिळत आहेत. फक्त एका शेतातून दुसऱ्यात जाताना ते कसं वळलं, हे ऐकणारं कुणी हवं, आणि दोन्ही शेतं पाहिलेली पिढी अजून आहे.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यासाठी शिलालेख, ताम्रपट, 'गाथासप्तशती' यांची साक्ष काढली गेली, ते योग्यच. मात्र भाषेचं वय सिद्ध करणं एक आणि तिची चाल समजून घेणं दुसरं. दुसऱ्या कामासाठी निधीही कमी मिळतो आणि टाळ्याही. संगणकावरची भाषांतरं नेमकी अशाच क्रियापदांवर अडखळतात. पडलेल्या मुलाला आई विचारते 'लागलं का?' आणि बोअरवेलच्या यंत्राभोवती जमलेले लोक विचारतात 'लागलं का?', अक्षरं तीच, आणि अर्थ सगळा भोवतालात. तो भोवताल लिहून ठेवला तरच यंत्रालाही शिकवता येईल.

पुस्तकाने काय केलं आहे, ते आता सांगता येईल. इथे अर्थांना क्रमांक नाहीत. वाक्यं ज्या कामात बोलली गेली त्या कामासकट ठेवली आहेत आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला आहे: इथे 'लावणे' संपून 'लागणे' कुठे सुरू होतं? व्युत्पत्ती गरजेपुरती आहे. ध्वनिनियमांचं अवडंबर नाही, पण जिथे नियम मोडतो तिथे तो लपवलेलाही नाही. जाणकार वाचकाला काही जागी विवेचन आटोपतं घेतल्यासारखं वाटेल, विशेषतः जुन्या मराठीच्या भागात. नवख्याला ते सोयीचं होईल.

एक उणीव स्पष्ट सांगायला हवी. या दोन तालुक्यांच्या डोंगरकडांना ठाकर आणि कातकरी राहतात. वेलिंग यांचं कातकऱ्यांवरचं पुस्तक १९३४चं, ल. ना. चापेकरांचं सह्याद्रीतल्या ठाकरांवरचं १९६०चं. दोन्ही इंग्रजीत, दोन्ही समाजाबद्दल. बोलीला त्यांत दुय्यम जागा. या पुस्तकातही ठाकरी आणि कातकरी वाक्यं आगरी-कुणबी वाक्यांच्या मानाने थोडी आहेत. कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर वर्षातले कित्येक महिने घालवणाऱ्या माणसांच्या बोलीत ही जोडी काय करते, याचा शोध त्या बोली घरात बोलणाऱ्यांनीच घेतला तर तो खरा उतरेल. बाहेरून आलेल्या टिपणकाराला लोक बहुतेक वेळा शाळेतली मराठीच ऐकवतात.

तोवर वाचकांना एक विनंती. आपापल्या तालुक्यातली 'लागणे-लावणे'ची वाक्यं टिपून ठेवावीत. कोण बोललं, कुठल्या कामात, कोणाशी, हे सोबत लिहावं, आणि वाक्य शुद्ध करू नये. 'पानी लागला' असं ऐकलं असेल तर तसंच लिहावं. पुढच्या आवृत्तीला ती वाक्यं लागतील.